जुन्या लष्करी रायफलीवरचे शिक्के कसे वाचायचे: नवख्यांसाठी

जुनी लष्करी रायफल पहिल्यांदा नीट बघायला मिळाली की बहुतेक जण एकच करतात, सगळ्यात ठळक शिक्का शोधतात, तो सर्चमध्ये टाकतात आणि पहिलं जे उत्तर येईल त्यावर मोकळे होतात की ही अमुक देशाची. गंमत अशी की सगळ्यात ठळक शिक्का बऱ्याचदा सगळ्यात शेवटी बसलेला असतो, दुरुस्ती करणाऱ्याचा नाहीतर विकणाऱ्याचा, आणि जिथे ती तयार झाली तिथला शिक्का कुठेतरी लाकडाखाली लपलेला असतो. सैन्याने काढून टाकलेली म्हणजे सरप्लस रायफल दोन-तीन देशांत नोकरी करून आलेली असू शकते. म्हणून "ही कुठली?" असं न विचारता बनवली कुणी, पास कुणी केली, वापरली कुणी, दुरुस्त कुणी केली आणि विकली कुणी, असं एकेक विचारत जायचं. पाचही उत्तरं वेगवेगळी आली तरी दचकायचं नाही, ते नॉर्मल आहे.

हात लावण्याआधी

मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा किंवा रिकामं करा, बोल्ट (दांडी असलेला पुढे-मागे सरकणारा भाग) उघडा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते ती जागा) डोळ्याने बघा आणि बोट घालूनही बघा. "शंभर वर्षं जुनी आहे, हिच्यात काय असणार" हे वाक्य मनातसुद्धा आणू नका. तुमच्या देशात लायसन्सचे नियम काय आहेत ते आधी बघून घ्या, कारण बऱ्याच ठिकाणी नुसती जवळ ठेवायलाही परवानगी लागते. आणि ओळख पटली म्हणजे ती चालवायला योग्य आहे असं अजिबात नाही, ते काम जाणकार गनस्मिथचं, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं.

सामान फार लागत नाही. भिंग, छोटी टॉर्च, मऊ कापड, थोडं तेल आणि मोबाइलचा कॅमेरा. टॉर्च समोरून मारू नका, पार आडवी धरा, प्रकाश धातूच्या पृष्ठभागाला घासून गेला पाहिजे, म्हणजे झिजलेल्या शिक्क्याच्या कडांची सावली पडते आणि समोरून नुसता डाग वाटत होता तिथे मुकुट किंवा आकडा उभा राहतो. लाकडावर तर हे फारच उपयोगी पडतं. तिथे पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकी घासली तरी चालतं. तारेचा ब्रश, स्टील वूल, पॉलिश पेपर यातलं काहीही नको. लाकूड घासून चकाचक केलं की तपासनिसाचा शिक्का कायमचा गेला, आणि तो परत आणायचा उपाय नाही.

पायरी १: शिक्के नंतर, आधी घडण

घडण खोटं बोलत नाही, शिक्का बोलू शकतो. त्यामुळे आधी कुळ ठरवा.

बोल्ट पुढे ढकलून बंद करताना शेवटी स्प्रिंगचा जोर लागला, म्हणजे बंद होताना कॉक झाली (झाडायची स्प्रिंग ताणली गेली), आणि दहा गोळ्यांचं मॅगझिन खाली बाहेर आलेलं आहे, तर ली-एनफिल्ड. नळीचं तोंड पुढच्या चपट्या धातूच्या टोपीशी सपाट असेल आणि मागची साइट (नेम धरायची खूण) नळीवर पुढे असेल तर ती जुनी एसएमएलई, म्हणजे नंबर १ मॉडेल. नळी जरा बाहेर डोकावते आणि साइट पार मागे रिसीव्हरवर (नळीमागची धातूची चौकट, जिच्यात बोल्ट सरकतो) आहे, तर नंबर ४ मॉडेल.

मॅगझिन लाकडाच्या आत बसलेलं, बोल्टच्या उजव्या अंगाला लांबलचक पट्टीसारखा एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारा आकडा), मागे तीन जागांवर फिरणारी सेफ्टी (चुकून झाडली जाऊ नये म्हणूनचा खटका), तर माउझर ९८ किंवा तिची नातलग. ट्रिगर गार्डच्या पुढे टोकदार पेटीसारखं पाच गोळ्यांचं मॅगझिन आणि बोल्टची आखूड दांडी सरळ आडवी, तर मोसिन-नागांत. बोल्टच्या मागे मोठी गोल खरखरीत टोपी जी दाबून फिरवायची, ती जपानी अरिसाका. दांडी वर न उचलता बोल्ट सरळ मागे खेचला जातो, तर ऑस्ट्रियाची मॅनलिखर एम ९५ किंवा स्विस रायफल असण्याची शक्यता जास्त.

मागच्या साइटच्या दोन्ही बाजूंना कानासारखे जाड पंखे असतील तर पॅटर्न १४ किंवा अमेरिकन मॉडेल १९१७. या दोघी जुळ्या बहिणी, दोन्ही पहिल्या महायुद्धात अमेरिकेतच विंचेस्टर, रेमिंग्टन आणि एडिस्टोन इथे बनल्या, पण पहिली .३०३ ची आणि दुसरी .३०-०६ ची, ही वेगवेगळ्या काडतुसांची नावं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये होमगार्डला १९१७ वाल्या दिल्या तेव्हा घोळ नको म्हणून लाकडावर लाल पट्टा रंगवायचे. तो पट्टा आजही काहींवर दिसतो आणि नवीन माणूस त्याला सजावट समजतो.

पायरी २: ली-एनफिल्डवर हात बसवा

सुरुवात हिच्यापासून करा असं मी सांगेन, कारण हिचे शिक्के वाचायला सोपे आणि सगळे थर एकाच रायफलवर सापडतात.

उजव्या बाजूला, बोल्टच्या दांडीखाली, लाकडी बट जिथे धातूत शिरतो तो रुंद पट्टा म्हणजे बट सॉकेट. एसएमएलईवर तिथे वरून खाली असं काहीसं दिसेल: मुकुट, त्याखाली जी.आर., मग कारखान्याचं नाव, मग साल, मग एसएचटी. एल.ई. म्हणजे शॉर्ट ली-एनफिल्ड, आणि शेवटी रोमन तीन, सोबत कदाचित एक चांदणी. राजाची अक्षरं म्हणजे व्ही.आर. व्हिक्टोरिया, ई.आर. सातवा एडवर्ड, जी.आर. पाचवा किंवा सहावा जॉर्ज. चांदणी असलेलं मॉडेल १९१६ मध्ये आलं, युद्धात उत्पादन वाढवायला मॅगझिन कटऑफ (मॅगझिनमधली गोळी अडवणारी पट्टी) आणि लांब पल्ल्याच्या जादा साइट्स काढून टाकल्या. कारखान्याच्या जागी एनफिल्ड, बीएसए को. किंवा एलएसए को. दिसेल, हे तिन्ही ब्रिटिश कारखाने. लिथगो असेल तर ऑस्ट्रेलिया, तो कारखाना १९१२ चा, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांच्या रायफलींवर एमए हा शिक्का येतो. ईशापूर (बंगालमधला कारखाना) आणि जी.आर.आय. असेल तर ब्रिटिश काळातलं भारतीय उत्पादन, तो शेवटचा आय म्हणजे इंपरेटर, सम्राट. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला आणि त्याच जागी अशोकस्तंभाचे सिंह आले, सोबत आरएफआय, म्हणजे रायफल फॅक्टरी ईशापूर.

इथे एक धोक्याची गोष्ट. १९६० च्या दशकात ईशापूरने हीच घडण ७.६२ मिमी नाटो काडतुसासाठी बनवली, तिचं नाव २ए आणि नंतर २ए१. लांबून बघितलं तर जुनी .३०३ च वाटते, पण मॅगझिन चौकोनी, जास्त काटकोनी असतं. मॉडेल न वाचता "एनफिल्ड आहे म्हणजे .३०३" असं धरून चालणारे आजही भेटतात.

नंबर ४ वर मॉडेलचं नाव रिसीव्हरच्या डाव्या भिंतीवर आणि सिरियल नंबर बट सॉकेटच्या डाव्या बाजूला शोधा. एम ४७ हा बीएसएच्या शर्ली कारखान्याचा कोड, लाँग ब्रँच लिहिलं असेल तर कॅनडा. आणि डाव्या भिंतीवर यू.एस. प्रॉपर्टी असेल तर ती अमेरिकन सैन्याची नव्हे, सॅव्हेजने अमेरिकेत ब्रिटनसाठी बनवलेली आहे, उधार-मदतीच्या योजनेत मालकी कागदोपत्री अमेरिकेची म्हणून तो शिक्का. तिच्या नंबरात मधेच सी अक्षर असतं, कारखाना चिकोपी फॉल्सला होता त्याचं ते.

आता बाकीचे थर. वर निमुळता होणारा तीन रेघांचा बाण, ब्रॉड अॅरो, म्हणजे ब्रिटिश सरकारी माल. तोच बाण सी अक्षराच्या पोटात असेल तर कॅनडा. दोन बाण टोकाला टोक भिडवून असतील तर सरकारने ती विकून टाकली, सेवेतून बाहेर. एफटीआर आणि पुढे साल म्हणजे कारखान्यात पूर्ण खोलून दुरुस्त केली, त्यामुळे बट सॉकेटवर १९४३ आणि बाजूला एफटीआर ५३ दिसलं तर दोन्ही खरे. डीपी म्हणजे फक्त ड्रिलसाठी, अशी रायफल झाडायची नाही, काहींच्या चेंबरला तर मुद्दाम भोक पाडलेलं असतं. नळीवर नायट्रो प्रूव्हड आणि १८.५ टन्स असं बारीक अक्षरात कोरलेलं असेल तर तो ब्रिटनमधल्या प्रूफ हाउसचा (बंदुकांची चाचणी घेणारी संस्था) खासगी विक्रीआधीचा चाचणी शिक्का, लष्कराचा त्याच्याशी संबंध नाही. इंग्लंड एवढाच शब्द सुटा दिसला तर तोही निर्यातीचा, बनल्याचा पुरावा म्हणून त्यावर विसंबू नका.

आणि खैबर खिंडीकडच्या नकला! पाकिस्तानातल्या दर्रा आदम खेलसारख्या ठिकाणी हाताने रायफली घडवायचे आणि शिक्केही हातानेच कोरायचे, इंग्रजी न येता, नुसता आकार बघून. त्यामुळे एन उलटा, एनफिल्डचं स्पेलिंग भलतंच, ओळी वाकड्या, आणि सगळ्यात मजेदार म्हणजे वर व्ही.आर. आणि खाली १९१९. व्हिक्टोरिया राणी १९०१ मध्येच वारली होती. अशी रायफल कारागिरी म्हणून बघायला झकास, पण तिचा धातू कसा असेल याची काहीच खात्री नाही, तेव्हा झाडायचा विचार सोडूनच द्या.

पायरी ३: माउझर, म्हणजे खरा गुंता

हिच्या रिसीव्हरची पुढची गोल कडी, जिच्यात नळी बसते, तिचा माथा आधी बघा. तिथे राज्यचिन्ह असेल तर ते सहसा विकत घेणाऱ्या देशाचं असतं, आणि बनवणाऱ्याचं नाव कडीवर किंवा डाव्या भिंतीवर. दोन्ही वेगळे असणं हा माउझरचा नियमच म्हणा, कारण जर्मनी आणि नंतर चेकोस्लोव्हाकियातला ब्रनोचा कारखाना अर्ध्या जगाला रायफली विकत होता. अर्जेंटिनाची १८९१ ची रायफल बर्लिनच्या लुडविग लोवेने बनवलेली, इराणच्या सिंह-सूर्यवाल्या रायफली ब्रनोच्या. नुसतं बर्लिन वाचून जर्मन सैन्याची म्हणाल तर चुकलात.

जर्मन सैन्याच्या दुसऱ्या महायुद्धातल्या के ९८ के या माउझरवर कारखान्याचं नाव नसतं, कोड असतो. व्हर्सायच्या तहाची बंधनं होती, उत्पादन किती आणि कुठे ते लपवायचं होतं. सुरुवातीला एस/४२ म्हणजे ओबर्नडॉर्फचा माउझर कारखाना, आणि सालसुद्धा अक्षरात, १९३४ साठी के आणि १९३५ साठी जी. नंतर साल उघड आलं, आणि युद्धकाळात त्याच कारखान्याचा कोड बीवायएफ झाला. बीएनझेड म्हणजे ऑस्ट्रियातला स्टायर, डीओटी म्हणजे ब्रनो, तेव्हा ताब्यात घेतलेला. बारीक गरुड आणि त्याखाली आकडे हे तपासणी कार्यालयाचे शिक्के, ते एकेका सुट्या भागावर मारलेले असतात, म्हणून एकाच रायफलीवर डझनभर गरुड सापडले तर ती काही खास आहे असं समजू नका.

सिरियल नंबरबद्दल एक सांगतो, कारण सगळ्यात जास्त दिशाभूल तिथेच होते. जर्मन पद्धतीत नंबर जास्तीत जास्त दहा हजारांपर्यंत जायचा, मग तोच परत एकपासून, पण खाली ए अक्षर लावून, मग बी, असं पुढे, आणि नवीन साल लागलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे नंबर ३१२ दिसला म्हणून "अगदी सुरुवातीची आहे" असं होत नाही. कोड, साल, नंबर आणि खालचं अक्षर, चारही एकत्र असले तरच ती रायफल एकमेव ठरते.

मग युद्ध संपलं आणि या रायफली इकडे-तिकडे गेल्या. रिसीव्हरच्या डाव्या बाजूला फुलीसारखा एक्स, लाकडावर लालसर चकचकीत शेलॅक (लाखेचं वॉर्निश), बोल्टवर जुना नंबर खोडून विजेच्या पेनाने कोरलेला नंबर, ही सोव्हिएत सैन्याने पकडून दुरुस्त करून साठवलेल्या रायफलीची लक्षणं. युगोस्लाव्हियाने जर्मन कोड घासून काढले आणि तिथे आपलं राज्यचिन्ह आणि प्रेदुझेचे ४४ हा कारखान्याचा शिक्का मारला. इस्रायलने ७.६२ नाटोसाठी नळ्या बदलल्या आणि तो आकडा रिसीव्हरवर मारला, लाकडावरही डागला. एकाच रायफलवर गरुड आणि डेव्हिडची चांदणी दोन्ही सापडू शकतात, आणि ती बनावट नसते.

पायरी ४: मोसिन

हिचं थोडक्यात होतं. नळीच्या मागच्या जाड भागावर साल आणि कारखान्याचं चिन्ह दोन्ही मिळतं. त्रिकोणात बाण असेल तर इझेव्स्क, चांदणीत बाण असेल तर तुला. सालापुढचं रशियन अक्षर म्हणजे नुसतं "वर्ष", त्याचा अर्थ शोधत बसू नका. चौकोन आणि त्यात तिरकी रेघ म्हणजे डेपोत दुरुस्त झालेली. रेमिंग्टन किंवा न्यू इंग्लंड वेस्टिंगहाउस वाचलंत तरी तीही झारच्या सैन्यासाठीच अमेरिकेत बनलेली.

फिनलंडच्या मोसिन मात्र वेगळा अभ्यास आहे. चौकोनात एसए म्हणजे फिनिश सैन्य. फिनलंडने स्वतः रिसीव्हर कधी बनवलेच नाहीत, रशियन रिसीव्हर वापरले आणि त्यावर साको, टिक्का किंवा व्हीकेटी या फिनिश कारखान्यांच्या नव्या नळ्या चढवल्या. त्यामुळे नळीवर १९४२ असतं, आणि लाकूड काढून रिसीव्हरची मागची शेपटी खालून बघितली तर १८९७! अमेरिकेत तर याला कायदेशीर अर्थही आहे, तिथे १८९८ मध्ये किंवा त्याआधी बनलेली रायफल अँटिक धरतात आणि त्यासाठी रिसीव्हरचं साल बघतात, नळीचं नाही.

पायरी ५: साल वाचताना कॅलेंडर तपासा

शिक्क्यावरचा आकडा इसवी सनच असेल असं धरू नका. जपानी टाइप ९९ मधले ९९ हे सम्राटांच्या गणनेतल्या २५९९ चे शेवटचे दोन आकडे, ६६० वजा करा, १९३९. पण टाइप ३८ मधले ३८ म्हणजे मेइजी राजवटीचं ३८ वं वर्ष, म्हणजे १९०५. एकाच देशात दोन हिशोब. चीनची टाइप २४ माउझर प्रजासत्ताकाच्या २४ व्या वर्षाची, १९३५ ची, आणि चीनचीच टाइप ५३ मोसिन मात्र सरळ १९५३. इराणच्या शिक्क्यावर १३१७ दिसलं तर ६२१ मिळवा. थायलंडचा टाइप ४६ बौद्ध सनातला, २४४६ उणे ५४३, म्हणजे १९०३, आणि तिथला शिक्का सरळसरळ चक्र आहे, आपल्या डोळ्याला लगेच ओळखू येतो. इटलीच्या कारकानोवर इसवी सनाच्या शेजारी बारीक रोमन आकडा असेल तर ते फॅसिस्ट राजवटीचं वर्ष, ऑक्टोबर १९२२ पासून मोजलेलं.

आणि नेपाळचे जुने शिक्के! जगभरचे संग्राहक त्या अक्षरांचे फोटो काढून कुणाकडून तरी वाचून घेतात, आपल्याला देवनागरी आयती वाचता येते. साल विक्रम संवत असतं, ५७ वजा करायचे.

काही शिक्के जे नवख्यांना चकवतात

एस हे अक्षर. जर्मन गेवेहर ८८ च्या रिसीव्हरवर एस असेल तर ती नंतरच्या टोकदार गोळीच्या काडतुसासाठी बदललेली. ऑस्ट्रियाच्या एम ९५ वर मोठा एस असेल तर तिचं चेंबर ८×५६ या मापाच्या काडतुसासाठी बदललेलं, ती वेगळीच गोळी. अक्षर तेच, अर्थ वेगळा, म्हणून आधी कुळ ओळखा असं वर म्हटलं.

अरिसाकाच्या माथ्यावर सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल असतं, सम्राटाचं चिन्ह. शरणागतीनंतर दिलेल्या बहुतेक रायफलींवरचं ते घासून टाकलेलं असतं. फूल शाबूत असेल तर बहुधा रणांगणावरून उचललेली, म्हणून किंमतही वेगळी. आणि म्हणूनच घासलेल्या जागी फूल परत कोरणारे महाभागही आहेत, भिंगाखाली पाकळ्यांची खोली सारखी आहे का आणि भोवतालचा धातू खोलगट झालाय का ते बघा.

अमेरिकन स्प्रिंगफिल्ड १९०३ वर नंबरच महत्त्वाचा. स्प्रिंगफिल्ड आर्मरीचा ८,००,००० च्या खालचा आणि रॉक आयलंड या दुसऱ्या सरकारी कारखान्याचा २,८५,५०७ च्या खालचा रिसीव्हर जुन्या पद्धतीने तापवलेला, ठिसूळ निघू शकतो, जाणकार तो झाडत नाहीत. या रायफलीवर नळीच्या तोंडाशी, पुढच्या साइटच्या मागे महिना-साल असतं, पण ते नळीचं, रायफलीचं नाही.

अमेरिकेत १९६८ च्या कायद्यानंतर आयात झालेल्या रायफलींवर आयात करणाऱ्याचं नाव-गाव मारणं बंधनकारक आहे. नळीखाली किंवा रिसीव्हरवर अमेरिकन गावाचं नाव दिसलं की घाईने "अमेरिकन" म्हणू नका. स्विस के ३१ घेतली असेल तर बटची मागची पट्टी दोन स्क्रू काढून जपून उघडा, तिथे कधी कधी सैनिकाच्या नावाची चिठ्ठी घडी करून ठेवलेली मिळते.

कुणाला विचारायचं असेल तर

एक फोटो पाठवून "कुठली आहे?" विचाराल तर उत्तरं दहा येतील. पूर्ण रायफल दोन्ही बाजूंनी, रिसीव्हरचा माथा, डावी भिंत, बट सॉकेट, बोल्टच्या दांडीचा मागचा भाग, साइटची पट्टी, लाकडावरचे शिक्के आणि नळीचं तोंड, एवढं आडव्या प्रकाशात काढा. बोल्ट, रिसीव्हर, लाकूड यांवरचे नंबर लिहून ठेवा आणि शेजारी लिहा की ठोकलेला आहे, पेनाने कोरलेला आहे का खोडून परत मारलेला आहे. जुळणारे नंबर म्हणजे मूळचे नंबर असतीलच असं नाही, डेपोत नंतर जुळवूनही मारतात. पूर्ण नंबर उघड करायचा नसेल तर शेवटचे दोन-तीन आकडे झाका, पण त्याच्या आधीचं किंवा नंतरचं अक्षर झाकू नका, ते गेलं तर समोरच्याला ती कुठल्या गटातली तेच सांगता येणार नाही.